पाण्याच्या दिवशीचा डबा: भाचीच्या दहावीच्या उजळणीचं प्रकरण

भाची दहावीला होती, सेमी इंग्लिशला, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं सगळं मराठीतून. घर सोलापुरात पूर्व भागात, दोन खोल्या, शेजारी मागाची खटखट सकाळी सुरू झाली की रात्रीच थांबते. ताई घरीच युनिफॉर्मचे शर्ट शिवते, डझनावर मजुरी, स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. दाजी ट्रान्सपोर्टला, आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेर. मी मामा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, शिक्षक वगैरे नाही. हे सगळं आधीच सांगतोय कारण पुढं जे केलं ते या घरात, एवढ्या जागेत आणि एवढ्या शिक्षणात केलंय, कोणाकडं वेगळी अभ्यासाची खोली असेल तर चांगलंच आहे, पण त्यावाचून अडत नाही.

दिवाळीच्या आधी सहामाहीचा निकाल लागला, विज्ञान भाग १ ला ४० पैकी १९. आणि पोरगी रोज चार-चार तास बसत होती, मी स्वतः बघितलंय. पोरगं अभ्यासच करत नाही असं असतं तर गोष्ट वेगळी, तिथं बसवण्यापासून सुरुवात करावी लागते. इथं पोरगी बसत होती, क्लासला जात होती, गाईड होतं, अपेक्षित प्रश्नांचं पुस्तक होतं, मोबाईलवर व्हिडिओ बघत होती आणि तरी १९. दाजी चिडले, क्लासचे एवढे पैसे भरलेत म्हणून. ताई गप्प. भाचीनं तर ठरवूनच टाकलं होतं की आपलं डोकंच नाही विज्ञानाला, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

एका रविवारी मी नुसतं तिच्याजवळ बसलो. उष्णतेचा धडा काढला होता. पिवळा हायलायटर घेऊन मोठ्यानं वाचत होती, एकदा, दोनदा, तीनदा, शेवटी पान असं झालं की न रंगवलेल्या ओळीच शोधाव्या लागत होत्या. मी पुस्तक हळूच मिटलं आणि म्हटलं, आता लेटंट हीट म्हणजे काय तेवढं सांग. ती गप्प. मग म्हणाली, "मामा थांब, येतंय मला, एकदा बघू दे फक्त."

सगळा घोळ त्या 'एकदा बघू दे फक्त' मध्ये होता. नवी पेठेत एखादा माणूस समोर येतो, चेहरा पक्का ओळखीचा असतो पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. तीनदा वाचल्यावर पान ओळखीचं होतं, आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' समजतो, पण परीक्षेत पान समोर नसतं ना, तिथं रिकाम्या कागदावर आपल्या डोक्यातून काढावं लागतं आणि ते काढायची सवय तिनं कधी केलेलीच नव्हती.

दिवाळीनंतर शाळेनं पेपर दाखवायला दिले तेव्हा आम्ही दोघं बसलो आणि गेलेले २१ मार्क कुठं कुठं गेले ते एकेक करून लिहिलं. हे प्रत्येक पालकानं एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण 'मार्क कमी पडले' हे फार मोघम आहे, त्यावर ओरडण्यापलीकडं काही करता येत नाही. आमच्याकडं निघालं ते असं: अजिबात समजलेलंच नव्हतं असे ५ मार्क. घरी येत होतं पण तिथं आठवलं नाही असे ९. एकक लिहिलं नाही, आकृतीला नावं दिली नाहीत, भिंगाच्या गणितात ऋण चिन्ह विसरली असे ४. आणि वेळ संपला म्हणून सुटलेले ३. म्हणजे क्लास फक्त पहिल्या ५ मार्कांवर काम करत होता! बाकीच्या १६ मार्कांकडं कोणाचं लक्षच नव्हतं, ना क्लासचं, ना आमचं. भाचीनं तो कागद दोनदा बघितला आणि म्हणाली, म्हणजे मला समजतं तर. डोकं नाही हा विषय त्या दिवसापासून मागं पडला.

आता माझी चूक सांगतो. मी अकाउंट्सचा माणूस, ऑफिसातनं एक्सेलवर मस्त टाईमटेबल काढून आणलं, रंगीत, प्रत्येक अर्ध्या तासाचं. सहाव्या दिवशी ते मोडलं. झालं असं की आमच्याकडं उजनीचं पाणी येतं चार-पाच दिवसांतनं एकदा, आणि येतं ते दिवसा-रात्री कुठल्याही वेळेला. त्या दिवशी पहाटे तीनला आलं, सगळं घर बॅरल, घागरी, कळशा भरत बसलं, सकाळी पोरगी झोपेत, दुपारी टाईमटेबलच्या मागं पडली आणि मागं पडली म्हणून संध्याकाळी पुस्तकच उघडलं नाही. बॅकलॉग बघून हात गळाल्यासारखे होतात, मोठ्या माणसांचे होतात तर पोरांचं काय. दुसरी चूक, प्रश्नांची कार्डं मीच करून दिली, रात्री बसून साठ-सत्तर. तिनं ती तशीच बाजूला ठेवली. बरोबरच होतं, त्यात काय महत्त्वाचं हे मी ठरवलेलं, तिनं नाही.

मग पाण्यावरूनच सुचलं. नाहीतरी घरात सगळ्यांच्या डोक्यात पाण्याची पाळी पक्की असते, पुढचं पाणी कधी हे कोणाला विचारावं लागत नाही, तर उजळणी त्यालाच बांधली. तीन डबे घेतले, एक शेंगाचटणीची रिकामी बरणी आणि दोन मिठाईचे. बरणी रोजची. दुसरा डबा पाण्याचा, म्हणजे ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी उघडायचा. तिसरा पंधरवड्याचा. ऑफिसातनं पाठकोरी चलनं आणली, त्याचे पत्त्यांएवढे तुकडे केले, एका बाजूला प्रश्न, मागं उत्तर, आणि ते तिनंच लिहायचं, स्वतःच्या अक्षरात, एका धड्याचे बारा-पंधराच, जास्त नाही. कार्ड उलटायच्या आधी उत्तर तोंडानं म्हणायचं किंवा पाटीवर लिहायचं, मनात 'हां येतंय' म्हणून उलटलं तर ते धरायचं नाही. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं तर कुठल्याही डब्यातनं परत बरणीत. एवढंच. जे येत नाही ते रोज समोर येतं, जे येतं ते लांब लांब अंतरानं येतं, आणि पाणी एक दिवस मागंपुढं झालं तरी काही बिघडत नाही.

ही काही माझी अक्कल नाही. हे डब्यांचं तंत्र झेबास्टियान लाइटनर नावाच्या माणसानं १९७२ च्या आसपास मांडलेलं आहे. आणि माणूस शिकलेलं किती भराभर विसरतो, उजळणीत अंतर ठेवलं तर कमी कष्टात कसं राहतं, हे तर हर्मान एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, दाखवलंय.

आता ताईचं काम. ताईला वाटायचं की आपल्याला इंग्रजी येत नाही, सातवी शिकलेली बाई दहावीच्या पोरीला काय मदत करणार, चहा करून द्यायचा आणि टीव्ही बंद ठेवायचा. मी म्हटलं, ताई, तुला शिकवायचं नाहीये, तू फक्त बरणीतनं कार्ड काढायचं, तिला प्रश्न वाचू द्यायचा, आणि तिनं उत्तर दिलं की एकच विचारायचं, 'म्हणजे काय गं?' तिनं ते तुला मराठीत समजावून सांगायचं, तुला कळलं तर बरोबर, नाही कळलं तर कार्ड बरणीत.

पहिल्या आठवड्यातला एक प्रसंग मी समोर बघितलाय. ताई मशीनवर कॉलर जोडत होती, भाची खाली गठ्ठ्याला टेकून बसलेली. कार्डावर लेटंट हीट. भाचीनं इंग्रजीतली व्याख्या धडाधड म्हटली, एका दमात. ताईनं पाय थांबवला. "म्हणजे काय गं?" भाची अडखळली, म्हणाली म्हणजे, उष्णता दिली तरी तापमान वाढत नाही. ताई म्हणाली, असं कसं, उष्णता दिली तर तापायलाच पाहिजे. मग भाची विचार करत करत बोलायला लागली, की आई बघ, पाणी उकळायला लागलं की शंभरला थांबतं, त्यानंतर तू कितीही आच दे, ती सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते, पाणी त्याच्यापुढं तापत नाही. ताई दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाली, "मग डाळ उकळल्यावर बी मी गॅस मोठाच ठेवते तो वायाच की गं?"

भाची उठून उभीच राहिली. हो आई, वायाच! त्या दिवशी तिनं स्वतःहून कार्डाच्या मागं लिहिलं, बर्फ वितळायला ग्रॅमला ८० कॅलरी, पाण्याची वाफ व्हायला ५४०, आणि बाजूला डाळीचं पातेलं काढलं. आधी हे दोन आकडे ती कायम उलटसुलट करायची, त्यानंतर एकदाही नाही. आणि ताई आता उकळी आली की गॅस बारीक करते, ते वेगळंच.

सेमी इंग्लिशच्या पोरांचं हे खास दुखणं आहे आणि त्यावर कोणी फार बोलत नाही. इंग्रजी वाक्य पाठ होतं, वाक्य पाठ झालं म्हणजे समजलं असं वाटतं, आणि प्रश्न जरा फिरवून आला की वाक्य उपयोगाचं राहत नाही. घरच्या भाषेत घरच्या माणसाला सांगता आलं तर खरं समजलं. इंग्रजी न येणारी आई इथं उलट जास्त कामाची, कारण तिला पाठांतरानं गुंडाळता येत नाही.

डिसेंबरात मात्र फार वाईट दिवस आले. भाची एका रात्री रडली. म्हणाली, मामा, आधी वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, आता रोज पाच-सहा कार्डं चुकतात, मला काहीच येत नाही असं वाटायलंय. त्यातच क्लासच्या एका छोट्या चाचणीत मार्क आधीपेक्षा कमी आले, चाचणी आदल्या दिवशी शिकवलेल्यावर होती आणि तिच्या मैत्रिणी रात्री दोन तास वाचून गेल्या होत्या. दाजी म्हणाले, हे डबे-बिबे बंद करा आणि पहिल्यासारखं वाचायला बसवा.

तेव्हा मी दाजींना बसवून एक प्रयोग सांगितला, अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा, २००६ साली छापून आलेला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चार बैठकांत नुसता वाचला, काहींनी एकाच बैठकीत वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, साधारण ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्यानं घेतली तर पारडं फिरलं, वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर. मी म्हटलं, दाजी, क्लासची चाचणी म्हणजे ती पाच मिनिटांची परीक्षा, बोर्ड ही आठवड्याचीच काय, महिन्यांनंतरची परीक्षा आहे, तुम्हाला कुठली पास व्हायला पाहिजे? दाजी हिशोबाचे पक्के आहेत, आकडे त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि म्हणाले, ठीकाय, प्रिलिमपर्यंत बघू. आणि भाचीला मी एवढंच सांगितलं की कार्ड चुकलं तर ते आज घरात चुकलं, ते फुकटात चुकलं.

त्या महिन्यात घरातला एक प्रश्न आम्ही ठरवून बदलला. आधी दाजींचा रोजचा फोन असायचा, "आज किती तास केलंस?" त्याच्याऐवजी "आज काय आठवलं नाही?" सुरुवातीला ती लपवायची, मग हळूहळू सांगायला लागली, आज भूगोलात ब्राझीलचा पर्जन्य नाही आठवला, आज न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम नाही आठवला. दाजींना त्यातलं काही कळत नव्हतं पण पोरगी न घाबरता चुका सांगायला लागली हे त्यांना कळलं.

झोपेचंही तेव्हाच मार्गी लावलं. ताई तिला पहाटे चारला उठवायची आणि रात्री बारापर्यंत बसवायची, आपल्याकडं सगळीकडं हेच चालतं. दिवसभर शिकलेलं झोपेत मेंदूत पक्कं बसतं, झोप कापून तास वाढवणं म्हणजे एका हातानं भरायचं आणि दुसऱ्या हातानं सांडायचं. साडेदहा ते साडेपाच ठरवलं. पाणी रात्री आलं तर भरायला आम्ही, तिला उठवायचं नाही.

जानेवारीत गड्डा. संक्रांत, सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावरचे पाळणे, सोलापूरच्या पोराला याच्यातनं बाहेर ठेवणं म्हणजे शिक्षाच. यंदा नको म्हणून घरात सगळ्यांचं एकमत होतं, माझं नव्हतं. मी म्हटलं चार दिवस जाऊ दे, नंदीध्वजांच्या काठ्या बघू दे, देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकू दे, दारूकाम बघू दे. चार दिवस बरणीला हात लागला नाही. पाचव्या दिवशी बसली तर निम्मी कार्डं चुकली, घरात परत घबराट. पण तीच कार्डं दोन दिवसांत जागेवर आली, आधी ज्याला दहा दिवस लागले होते. विसरायला लागलेलं परत ओढून आणलं की ते जास्त घट्ट बसतं, अंतर ठेवून उजळणी करण्यामागं हेच तर आहे, फक्त ते घडताना बघणं जड जातं.

प्रिलिमला विज्ञान भाग १ ला २७ आले. मग शेवटचा महिना आम्ही कार्डं कमी केली आणि जुने पेपर वाढवले. ४० मार्कांचा पेपर, दोन तास, घड्याळ समोर, पुस्तक दुसऱ्या खोलीत, मध्ये उठायचं नाही. पेपर झाला की लगेच तपासायचा नाही, आधी प्रत्येक प्रश्नाला तिनं पेन्सिलनं लिहायचं की किती मार्क पडतील असं वाटतंय, आणि मग तपासायचं. या दोन आकड्यांतलं अंतर सुरुवातीला आठ-नऊ मार्कांचं होतं, शेवटी दोन-तीनवर आलं. स्वतःला काय येतं हे स्वतःला कळणं, माझ्या मते दहावीच्या वर्षातली सगळ्यात मोठी कमाई ती आहे. बोर्डात शेवटी जी दहा मिनिटं जादा मिळतात ती एकक, चिन्ह आणि आकृतीची नावं बघण्यासाठीच राखून ठेवायची हेही तेव्हाच ठरलं, त्या ४ मार्कांसाठी.

भूमितीत आम्ही उशिरा जागे झालो, ते प्रामाणिकपणे सांगतो. सरावसंचात एका धड्याची सगळी गणितं एकाच जातीची असतात, समरूपतेच्या धड्यात समरूपताच लागणार हे पोराला आधीच माहीत असतं, म्हणून पटापट सुटतात. पेपरात त्रिकोण समोर येतो तेव्हा इथं पायथागोरस की समरूपता की त्रिकोणमिती हे आधी ओळखावं लागतं आणि तो सराव झालेलाच नसतो. सगळ्या धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात मिसळून काढायची, हे डिसेंबरात सुरू करायला पाहिजे होतं, आम्ही फेब्रुवारीत केलं. गणिताला त्यामानानं कमी पडले.

विज्ञानाला शंभरपैकी ७८, नववीला ५६ होते. सामाजिक शास्त्रं बरीच सुधारली. हिंदीला आधीपेक्षा चार मार्क कमी, तिकडं आम्ही लक्षच दिलं नाही. क्लास मार्चपर्यंत चालूच होता, त्यामुळं सगळं श्रेय डब्यांना देणार नाही, जे समजलेलं नव्हतं ते ५ मार्क क्लासनंच भरून काढले असणार.

एक गोष्ट राहिली. फेब्रुवारी-मार्च हा ताईच्या कामाचा सीझन, जूनच्या शाळांचे शर्ट तेव्हाच शिवायचे असतात, रोजचे गठ्ठे दुप्पट होतात. मला वाटलं आता हिचा वेळ निघायचा नाही. पण ताई मशीनवरनं उठतच नव्हती म्हणून उलट तिचे कान रिकामे होते. बॉबिन बदलताना ती बरणीतनं एक कार्ड काढायची आणि विचारायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तर भाची ताईला मेटॅलर्जी सांगत होती, गंज का चढतो, लोखंडाला जस्ताचा मुलामा का देतात, आणि ताई पाण्याच्या बॅरलच्या तळाकडं बोट करून म्हणाली, "ह्याला मारला नव्हता का मग?"

भाची आता अकरावी सायन्सला आहे, सगळंच इंग्रजीत, पाण्याचा डबा तिनं स्वतःकडं ठेवलाय. धाकटा भाचा सातवीत आहे. त्याची अडचण वेगळी आहे, त्याला आठवतं सगळं पण लिहायचा कंटाळा, अर्धं उत्तर लिहून उठतो. त्याच्यासाठी कार्डं चालणार नाहीत, सध्या ताई त्याला रोज एकच उत्तर पाटीवर पूर्ण लिहायला लावते आणि मशीन थांबवून वाचते. दोन महिने झालेत, सहामाहीचा पेपर हातात आला की परत मार्क कुठं गेले ते मांडायला बसू.